करवतीची दुसरी मूठ

आश्विनातल्या दुपारी देऊळघाटच्या आमच्या अंगणात एक नाद भरून राहायचा. पोलादावरून कानस एकाच दिशेने सरकावी, क्षणभर उचलली जावी, पुन्हा त्याच जागी टेकून पुन्हा सरकावी, असा तो नाद होता. ना पुरता कर्कश, ना पुरता मधुर, वृद्ध माणसाने एकट्यानेच स्वतःशी जुळवून घेतलेल्या श्वासासारखा. कुंपणापलीकडे ज्वारीची कणसं दुधावर आलेली असत. पावसाने धुऊन काढलेलं ऊन कडुनिंबाच्या पानांतून गळून खाली येई आणि झाडाखाली आडव्या धरलेल्या एका लांब पात्यावर थरथरत राही. त्या पात्यावर वाकलेले असत उकंडाजी करवत्ये. उजवा डोळा मिटून, डाव्या डोळ्याने दातांची रांग न्याहाळताना त्यांची मुद्रा अशी होई, जणू ते दूरच्या रस्त्यावरून येणाऱ्या माणसाची ओळख पटवत आहेत.

मी तेव्हा तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, शाळाखात्याचे कागद कुठून कुठून फिरत येत, आणि अशाच एका कागदाने मला देऊळघाटला आणून सोडलं होतं. वय अठ्ठावीस. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. अकोल्याला भाऊ होता, त्याच्या घरात माझ्यापुरती एक खुंटी होती, बाकी काही नव्हतं. उकंडाजींच्या घराला लागून एक खोली होती, ती मी भाड्याने घेतली. अंगण सामाईक. त्यांची बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. त्या अंगणात आम्ही दोघे आपापलं एकटेपण आपापल्या उंबऱ्यावर ठेवून राहत होतो.

उकंडाजी साठीच्या पुढचे. उंच, कोरडे, खांद्याच्या हाडांवर सदरा टांगल्यासारखा. त्यांच्या दोन सवयी मला आधी कळल्याच नाहीत. रस्त्याने जाताना ते मधून चालत नसत. नेहमी एका कडेने, जणू शेजारून आणखी कुणी चाललं आहे. आणि बोलताना एक वाक्य झालं की थांबत. तो थांबा उत्तरासाठी नसे, आठवण्यासाठीही नसे. तेवढा अवकाश ते सवयीने दुसऱ्यासाठी मोकळा सोडत. दोन माणसांच्या चालीने जगायला शिकलेला तो देह आता एकटा होता, एवढंच.

ते दुसरं माणूस म्हणजे तोताराम. तीस वर्षं दोघांनी मिळून करवत ओढली. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि पुरुषभर लांबीची ती दोन मुठींची करवत वरखाली खेचत ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या. वरचा ओंडक्यावर आखलेली रेघ सांभाळतो. खालच्याच्या तोंडावर भुसा पडतो. वर उकंडाजी असत, खाली तोताराम. भुशाने तोतारामचे डोळे आधी लाल झाले, मग पाझरू लागले, मग त्यांना माणसं सावल्यांसारखी दिसू लागली, आणि शेवटी मलकापूरला दिलेली मुलगी येऊन बापाला घेऊन गेली. मी देऊळघाटला आले त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट.

त्यानंतर उकंडाजींनी गावातला एक तरणा गडी जोडीला घेतला. त्या गड्याला ओढण्यापेक्षा ढकलायची घाई. एका दुपारी सागाच्या खोडात अडकलेलं पातं त्याने जोर लावून ढकललं. ते वाकलं आणि मुठीजवळ टरकन फाटलं. गडी निघून गेला. करवत घराच्या आढ्याला टांगली गेली आणि तिच्यावर दोन पावसाळ्यांचा गंज चढला. तोवर फळ्या पाडायचं काम मलकापूरच्या वाफेवर चालणाऱ्या करवतीकडे जाऊ लागलं होतं. नवी करवत घेणं उकंडाजींच्या आवाक्याबाहेरचं होतं. गावातले लोक त्यांना लाकूडफाट्याची किरकोळ कामं देत, ती ते कुऱ्हाडीने करीत.

मग त्या आश्विनात एके दिवशी त्यांनी ती करवत खाली काढली.

जे घरात होतं त्यावरच सगळी दुरुस्ती चालली. गंज काढायला चिंचेचा कोळ आणि विटेची पूड. पातं घट्ट धरायला दोन फळ्या आणि त्यांच्यामध्ये ठोकलेल्या पाचरी. फाटलेलं टोक त्यांनी छिन्नीने वीतभर काढून टाकलं. उरलेलं टोक शेणकुटांच्या विस्तवात लालबुंद केलं आणि राखेत पुरून ठेवलं, म्हणजे पोलाद नरम पडतं. दुसऱ्या दिवशी दोरीने फिरणारा सुतारी सामता घेऊन ते मुठीच्या खिळ्यांसाठी भोकं पाडायला बसले. एका भोकाला अख्खा दिवस लागला. दिवस मावळताना त्यांनी ते भोक डोळ्याला लावलं आणि त्यातून पश्चिमेकडे पाहिलं. पलीकडे त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण बराच वेळ त्यांनी पातं खाली घेतलं नाही.

कानस जुनी होती, तिच्या खाचांत पोलादाचा कीस भरून बसे. एकदा ते संकोचाने माझ्या दाराशी आले.

"बाई, शाळेतले खडूचे तुकडे फेकून देता का?"

"मुली घेऊन जातात कधी कधी. का हो?"

"कानशीले खडू घासला का कीस चिकटत नाही. बारके तुकडे बी चालतात."

मी रोज पदराच्या गाठीला खडूचे तुकडे बांधून आणू लागले. संध्याकाळी त्यांच्या बोटांवर माझ्याच शाळेची पांढरी भुकटी दिसे. माझ्या फळ्यावरची अक्षरं ज्या मातीची, त्याच मातीच्या मदतीने त्यांचं पोलाद घासलं जात होतं, याचं मला नकळत सुख वाटे.

आधी मला वाटलं ते फक्त धार लावत आहेत. पण दिवसामागून दिवस जाऊ लागले तसं ध्यानात आलं की ते दातांचा आकारच बदलत आहेत. जुने दात एका अंगाला झुकलेले होते, खालच्या दिशेने. खाली ओढलं की कापत, वर घेताना नुसते सरकत. उकंडाजी प्रत्येक दात दोन्ही बाजूंनी घासून सरळ उभा करीत होते. शेकड्याहून जास्त दात. मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी. ते म्हणाले, "आडवं लाकूड कापाले बरं पडते," आणि थांबले. त्या थांब्यात आणखी काही होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

रस्त्याने जाणारे कुंपणाशी थबकत. एक शेतकरी एकदा म्हणाला, "उकंडाजी, एकाच मुठीची करा आता. जोडी कोठून आनसान?" त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्यासारखी, आणि तो गेल्यावर बाभळीचा तुकडा घेऊन दुसरी मूठ घडवायला बसले. ती मूठ त्यांनी स्वतःच्या हाताच्या मापाने केली नाही. आपल्या पंजाशी धरून पाहत आणि आणखी जाड ठेवीत. फुटक्या काचेने ती घासून त्यांनी इतकी गुळगुळीत केली की तिच्यावर ऊन घसरे. कुणाच्या तळहाताची आठवण ते लाकडात उतरवीत होते, हे मला विचारावं लागलं नाही.

करवत तयार झाली, आणि दोन दिवस तशीच भिंतीला टेकून राहिली. दोन मुठींची करवत एकट्याला लावून पाहता येत नाही. गावात माणसं होती, पण सुगीचे दिवस. आणि उकंडाजी कुणाला बोलवायलाही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी, रविवार होता, मीच पदर खोचून अंगणात गेले.

"मी धरू का एक बाजू?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. "लोकं पाह्यतीन, बाई."

"पाहू द्या."

जमिनीवर बाभळीचा एक ओंडका आडवा टाकलेला होता. आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलो. त्यांनी मला जुनी, बारीक मूठ दिली आणि नवी स्वतः धरली. सुरुवातीला पातं अडखळलं, वाकलं, माझ्या हातात झणझणलं.

"ढकलू नका," ते हळूच म्हणाले. "आपली ओढ झाली का हात सैल सोडा. मंग ती माह्याकडे येते. तुम्ही फकत तिले जाऊ द्या."

मी जाऊ दिलं. आणि मग ते जमलं. पातं माझ्याकडे आलं, त्यांच्याकडे गेलं, पुन्हा माझ्याकडे आलं. लाकडातून तांबूस, उग्र वासाचा भुसा दोन्ही बाजूंना सारखा सांडू लागला. सहा वर्षांत माझ्या हातांनी पाणी भरलं होतं, भाकऱ्या थापल्या होत्या, शेकडो पाट्या तपासल्या होत्या, पण दुसऱ्या टोकाला कुणी आहे हे त्या हातांना कळलं नव्हतं. ओंडका दुभंगला तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला. आणखी जाड असता तर चाललं असतं.

उकंडाजी कापलेल्या तोंडावर हात फिरवत बसून राहिले. मग माझ्याकडे न पाहता बोलू लागले.

"बाई, तीस वर्स मी वर होतो. तोताराम खाले. सुरुवातीले ठरलंच नोतं का कोन कोठं. पयल्या दिवशी मी वर चढलो, मंग तेच चालत राह्यलं. त्याच्या डोळ्यातून पानी गळे, तो फडक्यानं पुसे अन् म्हने, ओढ. एकडाव बी मी म्हनलो नाही का आज तू वर ये, मी खाले उतरतो. एकडाव बी."

मी म्हटलं, "तुमच्या मनात आलं नसेल."

"आलं," ते म्हणाले. "तेच त सांगून राह्यलो."

ऊन कलत गेलं. नंतर त्यांनी विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला जाणार का. आगगाडी मलकापूरलाच धरावी लागते. "मंग तवा मी बी येतो तुमच्या संगं. दोन वर्सं झाली, एकट्यानं जायाची हिंमत होऊन नाही राह्यली."

आम्ही बैलगाडीने बुलढाण्याला गेलो आणि तिथून मलकापूरच्या मोटारीत बसलो. गोणपाटात गुंडाळलेली करवत ड्रायव्हर आत घेईना. म्हणून ती टपावर सामानाशी बांधली. घाट उतरताना मोटार हेलकावली की उकंडाजी मान वर करून छताकडे पाहत, वर कुणी झोपलेलं मूल असावं तसं. खाली मैदानात पऱ्हाटीची शेतं फुटलेली होती. कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगा पांढऱ्या रानातून संथपणे सरकत होत्या. उकंडाजींनी सगळ्या वाटेत एकच प्रश्न विचारला: "त्यानं वळखलं नाही त?"

मलकापूरच्या हवेत सरकीचा आणि कोळशाचा वास होता. जिनिंगमधून उडालेली कापसाची तुसं घरांच्या कौलांवर, काटेरी कुंपणांवर, रस्त्यावरच्या बैलांच्या पाठींवर बसलेली होती. रुळांपलीकडच्या वस्तीत तोतारामच्या मुलीचं, सुभद्रेचं घर होतं. अंगणात बाजेवर एक रुंद छातीचा म्हातारा दोन्ही तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवून बसला होता. पावलं ऐकून त्याने तोंड आमच्या दिशेला वळवलं, पण डोळे वळले नाहीत.

"कोन हाये?"

उकंडाजींनी नुसतं गोणपाट सोडलं. मोकळं झालेलं पातं त्यांच्या हातात हेलावलं आणि त्यातून एक लांब, कंप पावणारा सूर निघाला. म्हाताऱ्याचे तळहात गुडघ्यांवरून उचलले गेले.

"उकंडा," तो म्हणाला. मग म्हणाला, "आन इकडे."

उकंडाजींनी करवत त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. तोतारामची जाड बोटं पात्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, आंधळ्या माणसाने ओळखीच्या गल्लीतून जावं तशी. मधेच थांबत, मागे येत, पुन्हा पुढे जात.

"वीतभर कमी झाली."

"फाटली होती. काढा लागली."

"ढकलली असन कोनं." बोटं दातांवर आली आणि थबकली. तो एकेक दात चिमटीत धरून पाहू लागला. "हे दात उभे केले तू."

"हाव."

"काऊन? फळ्या कशा पाडशीन याच्यानं?"

"फळ्या नाही पाडाच्या. जमिनीवर बसून आडवं कापाचं." उकंडाजी थांबले. या वेळी तो थांबा फार लांब होता. "दोघं बी सारखेच बसतात. वर कोनी नाही, खाले कोनी नाही."

तोतारामची बोटं दातांवरच राहिली. रुळांवरून मालगाडी गेली. तिचे डबे संपेपर्यंत सगळं अंगण थरथरत होतं. ती गेल्यावर उकंडाजींनी जे मला सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत, त्याला सांगितलं. एकडाव बी म्हनलो नाही.

"मले बी दर सकाळी वाटे," तोताराम म्हणाला. "का आज म्हनीन हा. मंग काम सुरू होये अन् मी इसरून जाये." त्याने तोंड वर केलं. "तू बी इसरून जाये का?"

"नाही," उकंडाजी म्हणाले. "मी नाही इसरलो."

मला वाटलं आता काहीतरी तुटेल. सुभद्रा चहाच्या कपबश्या घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. तोतारामच्या चेहऱ्यावरून रागासारखं काही सरकून गेलं. मग तिथे फक्त थकवा उरला आणि त्या थकव्याखाली कुठेतरी खूप जुनी ओळख. त्याने माफी दिली नाही. तसं कुणी मागितलंही नव्हतं. नवी मूठ त्याच्या हाताला लागली होती. ती त्याने पंजात धरली, सोडली, पुन्हा धरली.

"च्या घे," तो म्हणाला. "थंडा होऊन राह्यला."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी निघाले तेव्हा दोघे बाजेवर शेजारी बसून बशीतून चहा पीत होते आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून ती करवत आडवी होती. मला निरोप द्यायला उकंडाजी उठले नाहीत. त्यांना उठता येण्यासारखं नव्हतं. फलाटावर उभी असताना मला कळलं की मी हसत आहे, आणि ते सांगायला जवळ कुणी नाही.

सुट्टी संपवून परतले तेव्हा उकंडाजींच्या दाराची कडी तशीच होती. आठवड्याने बुलढाण्याच्या बाजारात तोच मोटार ड्रायव्हर भेटला. त्याच्याजवळ निरोप होता.

"बुढ्यानं सांगतलं, मी इथंच हावो. कानस अन् सामता पाठवजा म्हने."

"तिथे करतात काय?"

"टेसनामागं जळतन कापतात. दोघं जमिनीवर बसतात समोरासमोर. एकाले दिसत नाही, पन पाहून वाटत नाही तसं. दिवसभर काही बोलत बी नाही."

मी त्यांची कडी काढली. घरात तेल, राख आणि जुन्या लाकडाचा वास कोंडलेला होता. कानस वळचणीला सापडली, सामता खुंटीवर. दोन्ही मी माझ्या एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि पुढच्या बाजाराला ड्रायव्हरच्या हाती दिली. त्या हिवाळ्यात अंगण फार मोठं झालं. कडुनिंबाची पानं पडत, ती मी झाडून एका कोपऱ्यात लोटी, आणि वाऱ्याने ती पुन्हा सगळीकडे पसरली की बरं वाटे, कारण पुन्हा झाडायला मिळे. दुपारी शाळेतून आल्यावर मी क्षणभर उंबऱ्यात उभी राहत असे. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही.

उन्हाळ्यात बदलीचा कागद आला. डोणगावची शाळा. तिथून अकोल्याला जाण्याची वाट निराळी. मलकापूर माझ्या रस्त्यातून निघून गेलं आणि पुन्हा आलं नाही. एक पत्र टाकणं अवघड नव्हतं. सुभद्रेला वाचता येत नसलं तरी स्टेशनाजवळ वाचून देणारी पुष्कळ माणसं असत. कितीदा कार्ड समोर घेतलं, वर नाव लिहिलं आणि ठेवून दिलं. विसरले म्हणून नव्हे.

आज मी त्या दोघांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आले आहे. मधली वर्षं कशी गेली हे सांगता येणार नाही. ती एकेकटी गेली, एवढं खरं. त्या दोघांपैकी कोण आधी गेलं आणि कोण मागे उरलं, हे मला ठाऊक नाही. मी ते कधी विचारलं नाही. आणि जोवर विचारत नाही, तोवर काळाला त्या दोघांतल्या एकालाही एकटं पाडता आलेलं नाही.